ज्वारीएवढे दोन स्क्रू

"मिस्त्री, ही बंदूक लबाड आहे," असं म्हणून प्रयागबाईंनी रायफल माझ्या बाकावर ठेवली. ठेवली तीही हळूच, नळी भिंतीकडं आणि बोल्ट उघडा, आत गोळी नाही हे दिसेल असा. बाई कितीही चिडलेल्या असल्या तरी नियम मोडायच्या नाहीत.

"काय करते?"

"पहिल्या गोळ्या मधोमध जातात. नंतर एकेक उजवीकडं सरकायला लागते. मी तशीच पडलेली, श्वास तसाच, नेम तोच. आणि कॅप्टनसाहेब म्हणतात, बाई, तुम्ही दमता."

"दमता का?"

"पाचवीच्या वर्गाला दिवसभर अपूर्णांक शिकवते मी. तिथं दमत नाही, इथं पालथं पडून दमेन?"

माझं दुकान तेव्हा उस्मानाबादेत होतं. गावातली जुनी माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणायची. धंदा बंदूकदुरुस्तीचा, रीतसर लायसन्सचा. काम शिकलो हैदराबादेत, संस्थानाच्या वर्कशॉपात. पुढं संस्थान विलीन झालं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. कचेरीतली भाषा बदलली, शिक्के बदलले. स्क्रू उलटा फिरवला की सुटतो, एवढं मात्र सगळ्या राज्यांत सारखंच राहिलं.

चीनच्या लढाईनंतर लोकांना बंदूक शिकायची हौस आली. गावाबाहेर माळावर, टेकाडाला पाठ करून एक रेंज तयार झाली. रायफल क्लब निघाला. सुरुवातीला वकील आले, अडते आले, दोन डॉक्टर आले. उन्हाळा लागल्यावर त्यांची हौस उन्हानं वाळली. टिकून राहिले तिघं.

एक या प्रयागबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून सतरंजीवर पालथ्या पडायच्या आणि शांतपणे गोळ्या घालायच्या. दुसरे तेरचे गणपतराव. तेरणेच्या काठाला त्यांचा ऊस होता आणि उसात रानडुकरं होती, म्हणून त्यांना बंदुकीचा सराव. तिसरे क्लबचे अध्यक्ष, कॅप्टनसाहेब. फौजेतून निवृत्त होऊन इथं घर बांधून राहिलेले, मूळचे पुण्याकडचे. आख्खं गाव मला मिस्त्री म्हणायचं, ते एकटे मिस्टर माने म्हणायचे.

क्लबकडं टू-टूची एकच धड रायफल. टू-टू म्हणजे बारक्या गोळीची सरावाची बंदूक. धक्का कमी, आवाज कमी. औरंगाबादेत विभागाचे सामने व्हायचे होते. एका संघात तिघं जण आणि आमच्या तिघांत ही एक रायफल. तीच लबाड निघाली तर जाऊन उपयोग नव्हता.

मी रायफल रेंजवर नेली. वाळूच्या पोत्यावर टेकवून स्वतः गोळ्या घातल्या. बाईंनी सांगितलं तसंच झालं. आधी मधोमध, मग उजवीकडं, मग आणखी उजवीकडं. मी मागची साइट अंगठ्यानं ढकलून बघितली. हलली.

साइट म्हणजे नेम धरायची खूण. नळीच्या टोकाला एक असते, ती माशी. मागं डोळ्याजवळ दुसरी असते. आमच्या रायफलीला मागं बारक्या भोकाची चकती होती, भोकातून बघायचं आणि माशी काळ्या गोलावर आणायची. ही चकती कुणीतरी नंतर बसवलेली. तिच्या पट्टीला लांबट भोकं होती, म्हणजे ती डावी-उजवी सरकवता यायची. पाहिजे तिथं आणायची आणि दोन स्क्रूंनी आवळायची. स्क्रू एवढाले, की डोकं ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठं नाही.

ते दोन्ही स्क्रू सैल होते. एकाची खाच दातानं चावल्यासारखी झाली होती. गणपतराव तिथंच तंबाखू मळत उभे होते.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्या," गणपतराव म्हणाले. "लई हालत हुतं. आवळलं आपलं."

"कशानं?"

"अडकित्त्यानं. टोक बसतंय बगा बराबर."

"बसत नाही, गणपतराव. बसल्यासारखं वाटतं."

पेचकस खाचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च बसला पाहिजे. जाडीलाही आणि रुंदीलाही. जरा बारीक असला, की जोर दिल्याबरोबर खाचेतून वर चढतो आणि जाताना कडा घेऊन जातो. असं दोन-तीनदा झालं की खाच संपली. मग स्क्रू आवळता येत नाही आणि काढताही येत नाही. मोठ्या स्क्रूचं एकवेळ निभतं. ज्वारीएवढ्याला चूक परवडत नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. स्क्रू सैल झालेच कसे? रायफल क्लबात आली तेव्हाच मी त्यांच्या आट्यांना लाख लावली होती. लाकडाच्या पॉलिशला वापरतात ती चपडा लाख, स्पिरिटात विरघळवून. आट्यांना जराशी लावायची आणि स्क्रू बसवायचा. वाळली की स्क्रूला धरून ठेवते. काढायच्या वेळी थोडी ऊब दिली की सोडून देते. आमच्या हैदराबादच्या उस्तादांनी जन्मभर हेच केलं होतं.

"बाई," मी विचारलं, "रायफल पुसता कशानं?"

"तेलानं सगळं चिकट होतं, म्हणून मी स्पिरिटनं पुसते. दवाखान्यातून आणते."

"साइटसुद्धा?"

"साइट तर सगळ्यात आधी. भोकात धूळ बसते."

मी हसू दाबलं. लाख स्पिरिटात विरघळते. मी लावलेली लाख बाई दर रविवारी मन लावून धुऊन काढत होत्या.

सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग स्पिरिटात न विरघळणारं काहीतरी लावा. मी पुसणार तर आहेच."

हे सगळं मी कॅप्टनसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून एक इवलीशी बाटली काढली. डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी. आत लालसर पातळ काहीतरी, तेही निम्मंच.

"माझा भाचा विमानांच्या कामावर आहे," ते म्हणाले. "त्यानं दिलं. फॉरेनचं आहे. विमानाचे स्क्रू यानं पक्के करतात. तुमची लाख आता म्युझियममध्ये ठेवा, मिस्टर माने."

"साहेब, बाटली निम्मी का?"

"ती तशीच येते. हवा लागली की हे पातळ राहतं. हवा तुटली आणि लोखंडात दाबलं गेलं, की दगड होतं."

मला ते पटलं नाही. रंग हवेनं वाळतो, सरस हवेनं वाळतो, लाख हवेनं वाळते. हवेत न वाळणारी वस्तू मी कधी बघितली नव्हती. विकणाऱ्यानं निम्मी बाटली देऊन वर गोष्ट सांगितली, असंच मी मनात धरलं. पण तोंडानं म्हणालो, "बघू साहेब. एका व्यापाऱ्याची बंदूक बघायला मला कळंबला जायचंय. आलो की लावू."

मी कळंबला गेलो. काम निघत गेलं, मुक्काम वाढला. परत आलो तो थेट रेंजवर. सामना तेव्हा पुढच्याच रविवारवर आला होता.

कॅप्टनसाहेब खुशीत होते. "झालं काम. मीच करून टाकलं. आता जग इकडचं तिकडं झालं तरी साइट हलणार नाही."

मी बघितलं. स्क्रूच्या डोक्यांभोवती, पट्टीखाली, दस्त्यावरसुद्धा लालसर ओघळ. आणि ओला.

"साहेब, किती घातलं?"

"दोन थेंब घातले. अर्ध्या तासानं बघितलं, ओलंच. म्हटलं कमी पडलं असेल. आणखी घातलं. संध्याकाळी पुन्हा ओलंच. मग उरलेलं सगळं घातलं."

मी वरचा ओघळ फडक्यानं पुसला आणि माझा पेचकस खाचेत ठेवून हलकाच फिरवून बघितला. स्क्रू रेसभरही हलेना. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. बाहेर होतं त्याला हवा लागत होती, म्हणून ते ओलं राहिलं. आत होतं ते पहिल्या दोन थेंबांतच दगड झालं होतं. बाटली खरं बोलत होती. गोष्ट मी मानली नव्हती आणि साहेबांनी निम्मीच ध्यानात ठेवली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण तेवढ्यात बाईंनी गोळ्या घातल्या आणि कागद घेऊन आल्या. पाचही भोकं एका जागी, चवलीच्या नाण्याखाली झाकतील अशी. फक्त मध्यापासून चार बोटं डावीकडं.

"साहेब, साइट पक्की झाली," मी म्हणालो. "पण ती तुमच्या डोळ्याला पक्की झाली."

हे जरा सांगायला पाहिजे. एकच रायफल दोघांनी धरली तरी गोळी एकाच जागी जाईल असं नसतं. गालफडाची ठेवण वेगळी, मानेची वेगळी, डोळा भोकामागं वेगळ्या जागी येतो. कॅप्टनसाहेबांना चष्मा. त्यांनी स्वतःला बरी वाटेल तिथं चकती सरकवली आणि बाटली रिकामी केली.

"बाकीच्यांनी अ‍ॅडजस्ट करावं," ते म्हणाले. "फौजेत आम्ही हातात येईल ती रायफल चालवायचो. बाईंनी चार बोटं उजवीकडं नेम धरावा."

बाईंनी कागद त्यांच्यापुढं धरला. "साहेब, चार बोटं उजवीकडं म्हणजे काळ्या गोलाच्या बाहेर. तिथं कोरा कागद आहे. कोऱ्या कागदावर नेमका कुठं नेम धरायचा, ते तुम्ही बोट ठेवून दाखवा."

साहेबांनी बोट उचललं. कागदापाशी नेलं. आणि मागं घेतलं.

"माझं नाव काढा संघातून," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दुसरं कुणी बघा. मी रागानं नाही म्हणत. मला हे जमणार नाही, एवढंच."

दुसरं कुणी नव्हतंच. कॅप्टनसाहेबांचा चेहरा उतरला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हट्टी होते. माझ्या हातातला पेचकस त्यांनी घेतला, खाचेत टेकवला आणि दणकून पिळला. सर्रकन घसरला. पट्टीवर पांढरा ओरखडा आणि खाचेची उरलीसुरली कड गेली. हा तोच अडकित्त्याचा स्क्रू.

साहेबांनी पेचकस मला परत दिला. "काढा, मिस्टर माने. रायफल मोडली तर जबाबदारी माझी."

"नेऊ का दुकानात?"

"आम्हीपण येतो," बाई म्हणाल्या. गणपतराव तर आधीच निघाले होते.

दुकानात तिघंही माझ्या पाठीशी उभे. अशा वेळी हात जड होतो. मी आधी पेचकस घेतला आणि तो कानशीनं घासायला बसलो.

गणपतरावांना दम धरवेना. "मिस्त्री, इस्क्रू काढायचा हाय का पेचकसाला धार लावायचीय?"

"पेचकस खाचेच्या मापाचा करतोय."

बाजारचा पेचकस टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेत वरवर अडकतो आणि वर चढतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू सरळ कराव्या लागतात, म्हणजे तो खाचेच्या तळाला जाऊन बसतो. धार नको, चौकोनी कडा पाहिजेत. घासायचं, खाचेत घालून बघायचं, पुन्हा घासायचं. शेवटी तो असा बसला, की रायफल उलटी केली असती तरी पडला नसता.

मग ऊब. भांड्यांना डाग देतात ती तांब्याच्या टोकाची सळई कोळशात तापवली. टोक पहिल्या स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं आणि धरून ठेवलं. आगीची ज्योत लावायची नसते, नळीचं पाणी, म्हणजे कडकपणा जातो, रंग जातो. गरम व्हायला पाहिजे फक्त तो दाणा. थोड्या वेळानं वास आला. कडवट, नाकाला झोंबणारा. सळई बाजूला, पेचकस खाचेत, अंगाचं वजन सरळ खाली आणि मग हळू पीळ. दाब जास्त, पीळ कमी.

चर्र झालं आणि स्क्रू सुटला.

"व्हय रं पठ्ठ्या!" गणपतराव ओरडले. मी दचकलो. बाईंनी त्यांच्याकडं वर्गात बघावं तसं बघितलं.

दुसरा अवघड. त्याला खाचच उरली नव्हती. ऊब दिली, पेचकस ठेवला, पीळ द्यायला लागलो आणि टोक वर चढतंय असं हाताला कळलं. मी थांबलो.

"का थांबलात?" साहेब म्हणाले. "थोडं राहिलंय."

"थोडं राहिलंय म्हणूनच, साहेब. आणखी एकदा घसरला तर डोकंच राहणार नाही. मग भोक पाडून काढावा लागेल आणि रविवार इथंच होईल."

घड्याळजी वापरतात तसली पातळ कानस घेतली आणि जुन्या खाचेला आडवी अशी नवी खाच पाडली. श्वास रोखून. जरा जास्त खोल गेली तर डोकं दुभंगणार. पेचकस पुन्हा नव्या खाचेच्या मापाचा केला, पहिल्यापेक्षा बारीक. सळई पुन्हा लाल केली. या वेळी दुप्पट वेळ धरली. माझ्या कपाळाचा घाम रायफलीवर पडू नये म्हणून बाईंनी शांतपणे आपल्या रुमालानं तो टिपला. एरवी त्यांनी असं कधी केलं नसतं आणि मीही करू दिलं नसतं.

वजन खाली. पीळ. काही नाही. पुन्हा ऊब. वजन. पीळ.

सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. गणपतराव या वेळी ओरडले नाहीत, फक्त तंबाखूची डबी माझ्यापुढं केली.

भोकांच्या आट्यांत लाल पापुद्रा अडकला होता. तो सुईनं खरवडला, पेट्रोलनं धुतला. त्या औषधाला तेलकट लोखंड चालत नाही, हे मी तोवर बाटलीबरोबर आलेल्या, साहेबांकडच्या चिटोऱ्यावर नीट वाचून घेतलं होतं. नवे दोन स्क्रू माझ्याकडच्या डब्यातून मिळवले. साहेबांनी रिकामी केलेल्या बाटलीच्या तळाला कडेनं थेंबभर चिकटून राहिलं होतं. एवढं पुरे होतं.

आता प्रश्न, साइट लावायची कुणाच्या डोळ्याला?

"माज्यासाटी नगं," गणपतराव म्हणाले. "डुकराला कुटं काळा गोल काडलेला असतोय? आमी आपलं अंदाजानं मारतो."

मी कॅप्टनसाहेबांकडं बघितलं. अध्यक्ष ते, रायफल क्लबची, संघाचे कप्तानही तेच. मी म्हणालो, "साहेब, साइट मधोमध ठेवतो. स्क्रू नुसते आवळतो, औषध नाही. उद्या सकाळी तिघांनी पाच-पाच गोळ्या घाला. मग कागद सांगेल तसं करू."

सकाळी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. बाईंचे पाच घाव चवलीत मावणारे. गणपतरावांचे पुरीएवढ्या गोलात. साहेबांचे भाकरीएवढ्या गोलात.

"बोला, मिस्टर माने," साहेब म्हणाले.

"साहेब, गोळ्या एका जागी पडत असतील तर साइट सरकवून ती जागा मधोमध आणता येते. पण त्या पांगल्या असतील तर सरकवायची कुठं? एकीसाठी सरकवली तर दुसरी लांब जाते."

"म्हणजे माझ्या गोळ्या वाईट."

"वाईट नाहीत, साहेब. त्यांची एकमेकींशी भेट होत नाही, एवढंच."

गणपतरावांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं. साहेब आता मला रेंजवरून घालवणार. त्यांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"फौजेत मला नेमबाजीचा बिल्ला होता," ते म्हणाले. कुणाला सांगितलं ते कळलं नाही. "दर रविवारी मी ही साइट थोडी सरकवत होतो. वाटायचं, हिच्यातच काहीतरी बिघडलंय."

बाई म्हणाल्या, "साहेब, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

"आठवत नाही."

"सोलापूरला जाऊन या. आजच्या आज. ओळखीचे डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते."

साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साइट बाईंसाठी लावा. आणि थेंब तुम्हीच टाका."

मी सुईच्या टोकावर राहील एवढंच औषध घेतलं, एकेका स्क्रूच्या आट्यांना लावलं, स्क्रू बसवले, आवळले आणि वरचं पुसून टाकलं. पुढचा एक दिवस रायफलीला कुणाला हात लावू दिला नाही.

औरंगाबादला आम्ही एस.टी.नं गेलो. बाई वैयक्तिक नेमबाजीत दुसऱ्या आल्या. पहिला आला तो पोरसवदा जवान होता आणि त्यानं खाली वाकून बाईंना नमस्कार केला. गणपतरावांची एक गोळी शेजारच्या माणसाच्या कागदावर गेली. तो माणूस खूश, हे नाखूश. कॅप्टनसाहेब नव्या चष्म्यानं खेळले. साइट त्यांच्या डोळ्याची नव्हती, सरकवता येत नव्हती. म्हणून त्यांना पहिल्यांदाच नुसता नेम धरावा लागला. त्यांची भाकरी आकसून पुरीएवढी झाली. संघ तिसरा आला. पुढं कित्येक रविवार साहेब जो भेटेल त्याला हे सांगत होते आणि प्रत्येक वेळी पुरी थोडी लहान होत होती.

बाईंनी रायफल स्पिरिटनं पुसणं सोडलं नाही. स्क्रू हलले नाहीत. मी लाखेची बाटली दुकानात ठेवलीच, कारण जुन्या बंदुकांच्या जुन्या स्क्रूंना अजून तीच बरी. पण त्या लाल औषधावर मी पुन्हा शंका घेतली नाही.

नवीन माणूस काम शिकायला आला की मी त्याला तीनच गोष्टी सांगायचो. आधी पेचकस खाचेच्या मापाचा कर. औषध सुईच्या टोकावर राहील एवढंच घे. आणि घट्ट करायच्या आधी सगळ्यांना एकदा गोळ्या घालायला लाव. पहिल्या दोन गोष्टी लगेच समजायच्या. तिसरी समजायला कॅप्टनसाहेबांसारखं एखादं गिऱ्हाईक भेटावं लागायचं.